उष्णतेचा अंदाज आणि उष्णतेचे मोजमाप : वाळवा परिसरातील गुऱ्हाळ व भडभुंज्याची भट्टी यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

अलीकडच्या काळात मोठ्या शहरांतील काही हौशी मंडळी कॉफीच्या कच्च्या बिया घरीच भाजू लागली आहेत. त्यासाठी मिळणारे छोटे भाजणीयंत्र ते आहे तसे वापरत नाहीत. त्यातील तापणारी तार आणि पंखा यांचे विद्युतप्रवाह वेगळे करणे, बियांच्या राशीत तापमान मोजणारी तार सोडणे, ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे उष्णता कमी-अधिक करणारा नियंत्रक जोडणे, असे अनेक फेरफार ते करतात. वरवर पाहता हा एक शहरी छंद आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. विस्तव पेटवणे माणसाला फार पूर्वी साधले. पेटलेल्या विस्तवाला हव्या त्या मर्यादेत ठेवायचे कसे, आणि ती मर्यादा आली हे ओळखायचे कसे, हा तो प्रश्न होय.

आष्टा आणि एकूण वाळवा तालुका हा कॉफीचा प्रदेश नाही. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचेच नाव घ्यावे लागते. मात्र उष्णतेच्या नियंत्रणाचा प्रश्न कृष्णा-वारणा खोऱ्याला अपरिचित नाही. गुऱ्हाळाचे चुलवाण आणि भडभुंज्याची भट्टी या दोन ठिकाणी तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवला गेला आहे. तापमापकाशिवाय सोडवला गेला, म्हणून त्याची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात झाली नाही. या उपेक्षेची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) गुऱ्हाळ आणि भट्टी यांतील उष्णता-नियंत्रणाच्या पारंपरिक रीतींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या रीतींची कॉफी भाजण्याच्या आधुनिक तंत्राशी तुलना करणे.
३) ऊस गाळण्याच्या यंत्राचा इतिहास लिहिला गेला, चुलवाणाचा मात्र लिहिला गेला नाही, याची कारणमीमांसा करणे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वाळवा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. त्यामुळे या भागाच्या एकोणिसाव्या शतकातील आर्थिक जीवनाचा शोध घेताना मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला सातारा खंडच पाहावा लागतो. वासाहतिक गॅझेटिअरची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. पिके एका प्रकरणात, व्यापार दुसऱ्या प्रकरणात आणि कारागीर मात्र बहुधा लोकसंख्येच्या प्रकरणात, जातींच्या यादीत येतात. भडभुंजा तेथे एक जात म्हणून भेटतो. त्याला धान्य भाजण्याविषयी काय ठाऊक होते, हा प्रश्न त्या मांडणीत उपस्थितच होत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने गावातील कारूनारूंचे हक्क, देणीघेणी आणि परस्परसंबंध यांचे बारकाईने विवेचन केले. तरीही त्याचा रोख समाजरचनेवर होता, कामाच्या कसबावर नव्हता.

गुळाच्या व्यापाराला या भागात मोठी चालना मिळाली ती कोल्हापूरच्या बाजारपेठेमुळे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेने गुळाच्या सौद्यांना कायमचे ठिकाण दिले. पुढे सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि ‘को ७४०’ व नंतर ‘को ८६०३२’ या तेथील कामातून पुढे आलेल्या वाणांनी पश्चिम महाराष्ट्राचे शिवार व्यापले. १९३२ च्याच साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर कारखानदारी वाढली आणि स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखान्यांनी सांगली जिल्ह्याचे अर्थकारण बदलले. ऊस कारखान्याकडे वळला, गुऱ्हाळे कमी झाली. तथापि ती संपली नाहीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही या परंपरेची अलीकडची अधिकृत ओळख होय.

२. गुऱ्हाळाचे चुलवाण : कामाचे स्वरूप

चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत घेतला जातो. ही काहील म्हणजे साधारण अडीच ते तीन मीटर व्यासाची उथळ कढई होय. तिच्याखाली जमिनीत खोदलेले, मातीने व विटांनी बांधलेले चुलवाण असते आणि त्यात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जाळली जातात. एका वेळच्या रसाला ‘आदण’ म्हणतात. एक आदण उतरायला साधारणपणे अडीच-तीन तास लागतात. रस तापू लागला की चुन्याची निवळी देऊन त्याची आम्लता कमी करतात, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. उतू जाऊ लागल्यास थोडे तेल सोडतात. उसाच्या वजनाच्या साधारण १० ते १२ टक्के गूळ मिळतो.

या सर्व कामाचा सूत्रधार गुळव्या असतो. जाळ घालणारा माणूस वेगळा. पण जाळ केव्हा वाढवायचा, केव्हा धरून ठेवायचा आणि केव्हा थांबवायचा हे गुळव्या सांगतो. येथे एक शास्त्रीय बाब लक्षात घेतली पाहिजे. रसात पाणी भरपूर असते तोवर उष्णता कितीही दिली तरी ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळते. पाणी कमी होत जाते तसा उत्कलनबिंदू वर सरकतो. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काकवी तयार होते, ११८ अंशांच्या सुमारास ढेपेचा गूळ, आणि १२० ते १२२ अंशांना गुळाची भुकटी. म्हणजे पहिले दोन-अडीच तास चूक झाली तरी ती सुधारता येते. शेवटच्या काही मिनिटांत मात्र तापमान झपाट्याने चढते आणि तेथे झालेली चूक सुधारता येत नाही. आधी उतरवले तर गूळ बसत नाही, पाणी सोडतो. उशिरा उतरवले तर साखर करपते, गूळ काळा व कडवट होतो.

हा क्षण गुळव्या अनेक खुणांवरून ओळखतो. फेसाचा रंग बदलतो, बुडबुडे लहान-मोठे होतात, उकळण्याचा आवाज जड होतो. शेवटची कसोटी गोळीची. उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतात. ती किती घट्ट होते, काहिलीच्या काठावर मारल्यास कसा आवाज देते, यावर निर्णय होतो. मग काहील चुलवाणावरून हलवून पाक वाफ्यात ओततात.

यातील आणखी एक कसब सहसा ध्यानात येत नाही. चुलवाणाची माती आणि विटा तीन तास तापलेल्या असतात. चिपाड टाकणे थांबवले तरी त्या उष्णता देतच राहतात. म्हणून गोळी जमेपर्यंत जाळ चालू ठेवून भागत नाही. तो आधीच थांबवावा लागतो. किती आधी, हे चुलवाणाच्या बांधणीवर, चिपाडाच्या ओलीवर आणि दिवसातले कितवे आदण आहे यावर अवलंबून असते. सकाळच्या पहिल्या आदणाला थंड चुलवाण आणि दुपारच्या आदणाला तापलेले चुलवाण यांचा हिशोब एक नसतो. आजच्या नियंत्रण-अभियांत्रिकीत यालाच उष्णतेची दिरंगाई म्हणतात आणि तिच्यासाठी गणिती उपाय योजतात.

३. भडभुंज्याची भट्टी : माध्यमाचे नियंत्रण

भडभुंज्यासमोरचा प्रश्न निराळा आहे. त्याला द्रव आटवायचा नसून सुटे दाणे भाजायचे असतात. या दृष्टीने तो कॉफी भाजणाऱ्याचा खरा पूर्वज म्हणावा लागेल. सांगली-जयसिंगपूर परिसरात प्रसिद्ध असलेल्या भडंगाचा पाया असलेले चुरमुरे, तसेच फुटाणे, या भट्टीतून येतात.

लोखंडी कढईत दाणे नुसते टाकले तर कढईला टेकलेली बाजू करपते आणि वरची कच्ची राहते. यावर भडभुंज्याने काढलेला उपाय म्हणजे तापलेली वाळू. वाळू दाण्याच्या सर्व अंगांना भिडते, विस्तवातील चढउतार स्वतःत मुरवते आणि झाऱ्याने चाळताच बाजूला होते. सुमारे २०० ते २५० अंश तापलेल्या वाळूत तांदूळ काही सेकंदांत फुलतो. दाण्यातील ओलावा वाफेत बदलतो, बाहेर पडायला वाट न मिळाल्याने दाब वाढतो आणि दाणा उमलतो. त्यासाठी ओलावा नेमका असावा लागतो, म्हणून उकडणे, मिठाचे पाणी लावणे आणि वाळवणे या क्रिया भट्टीच्या आधी होतात. हरभऱ्याच्या बाबतीत तर दाणे एकदा शेकून, पाणी मारून, काही काळ ठेवून पुन्हा अधिक तापलेल्या वाळूत टाकतात. त्यामुळे ओल दाण्यात सारखी पसरते आणि टरफल सुटते.

वाळू तापली की नाही हे पाहण्यासाठी भडभुंजा मूठभर दाणे टाकून बघतो. ते किती वेळात आणि कशा आवाजाने फुटतात हाच त्याचा तापमापक. कॉफी भाजणारेही हेच करतात. कॉफीच्या कच्च्या बीत साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. बी सुमारे १९६ ते २०५ अंशांना पोहोचली की आतील वाफेच्या दाबाने तडकते. त्याला पहिला तडका म्हणतात. सुमारे २२५ अंशांना दुसरा, बारीक तडका ऐकू येतो. महागडी साधने हाताशी असूनही अनुभवी भाजणारे कान या तडक्याकडेच लावून बसतात.

४. मोजमापाचा इतिहास आणि कॉफीचे भाजणीयंत्र

उष्णता आपोआप आवरणारी भट्टी बनवण्याचा प्रयत्न सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने केला होता. फॅरनहाइट (१७२४) आणि सेल्सिअस (१७४२) यांनी मोजपट्ट्या दिल्या. दोन भिन्न धातूंच्या सांध्याला उष्णता दिल्यास विद्युतप्रवाह निर्माण होतो, ही १८२१ मध्ये झेबेक यांना आढळलेली घटना आजच्या तापमान-तारेचा आधार आहे. जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये अमेरिकेत एकस्व घेतलेल्या कॉफीच्या भाजणीयंत्रात पिंप विस्तवावरून न हलवता बिया बाहेर काढण्याची सोय होती. भाजणीत ‘थांबवणे’ हीच कळीची क्रिया असते, हे या सुधारणेवरून दिसते. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूच्या संदर्भात स्वयंचलित नियंत्रणाचे गणित मांडले. चूक आत्ता किती आहे, आजवर किती साचली आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टी एकत्र विचारात घेणारे हे तत्त्व आज घरगुती भाजणीयंत्रात बसवल्या जाणाऱ्या नियंत्रकात वापरले जाते.

या तीन गोष्टी पाहिल्या की गुळव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पाक आत्ता कसा आहे हे तो फेसावरून पाहतो, चुलवाणात किती उष्णता साचली आहे हे त्याला आधीच्या आदणांवरून कळते आणि पाक किती वेगाने घट्ट होतो आहे हे लागोपाठच्या गोळ्यांवरून समजते. गुळव्याला हे गणित अवगत होते, असा दावा येथे करावयाचा नाही. एकाच स्वरूपाच्या अडचणीला दोन ठिकाणी सारख्या बांधणीचे उत्तर मिळाले, एवढेच म्हणता येते.

५. आकडा आणि खूण

तापमापक आला म्हणजे अंदाजाचे काम संपले, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. आष्टा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी शंभर अंशांना नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते. पाकाचा उत्कलनबिंदूही त्याच प्रमाणात खाली येतो. समुद्रसपाटीसाठी दिलेला ११८ हा आकडा येथे जसाच्या तसा पाळला तर पाक जवळजवळ दोन अंश पुढे जाईल. आणि ढेपेचा गूळ व भुकटी यांत अंतर आहे तेच मुळी दोन ते चार अंशांचे. गोळीच्या कसोटीला हा दोष लागत नाही, कारण ती तापमान न पाहता थेट पाकाचा घट्टपणा पाहते.

उलट, गोळीच्या कसोटीलाही मर्यादा आहेत. ती गुळव्याच्या बोटांत असते, कागदावर नसते. तो आजारी पडला तर गुऱ्हाळ अडते. एका गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्यासारखा होत नाही आणि ग्राहकाला दर्जाची हमी देता येत नाही. म्हणून तापमापकाचा निषेध करण्यात अर्थ नाही. स्थानिक उंचीवर पाणी किती अंशांना उकळते ते आधी पाहून त्यावर १८ अंश मोजणे, आणि सोबत गोळीही पाहणे, असा मेळ घातला तर दोन्ही ज्ञानांचा उपयोग होतो.

हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही. बाजारात गुळाचा भाव बऱ्याच अंशी रंगावर ठरतो. जाळ आवरता आला नाही, मळी नीट निघाली नाही, तर गूळ काळपट होतो. मग तो पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याचा मोह होतो. गुळातील गंधकाच्या डायऑक्साइडला दशलक्ष भागांत ७० भाग अशी मर्यादा घालावी लागली, ती यामुळेच. विस्तवावरचे नियंत्रण सुटले की ती उणीव रसायनाने झाकली जाते. गुळव्याच्या कसबाचा ऱ्हास आणि खाणाऱ्याचे आरोग्य यांचा संबंध असा प्रत्यक्ष आहे.

६. चरकाचा इतिहास आहे, चुलवाणाचा का नाही?

ऊस गाळण्याच्या साधनाचा इतिहास बऱ्यापैकी उपलब्ध आहे. लाकडी घाण्याच्या जागी १८७० च्या दशकात बिहारमधील बिहिया येथील थॉमसन आणि मायल्न यांचा लोखंडी चरक आला आणि तो देशभर पसरला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि आपल्याच परिसरात लोखंडी नांगराबरोबर चरकही तयार होऊ लागले. या प्रत्येक टप्प्याला नाव आहे, साल आहे, कारखाना आहे.

चुलवाणाला यांपैकी काहीच नाही. याचे कारण असे दिसते की चरक ही विकता येणारी वस्तू आहे. तो एका ठिकाणी ओततात, दुसऱ्या ठिकाणी विकतात. त्याची जाहिरात होते, किंमतपत्रक छापले जाते, हिशोब राहतो. या कागदपत्रांतूनच इतिहास लिहिला जातो. चुलवाण मात्र जागेवर मातीत बांधले जाते आणि हंगाम संपला की ढासळते. तोंड किती रुंद ठेवायचे, वारा कोणत्या बाजूने घ्यायचा, धुराडे किती उंच न्यायचे, हे बांधणाऱ्याने अनुभवाने बदलत नेले. ही सुधारणा कोणाच्या नावावर नोंदली गेली नाही. भडभुंज्याच्या वाळूचेही तसेच. कॉफीच्या भाजणीयंत्रात घरी केलेला फेरफार आज ‘प्रयोग’ ठरतो. चुलवाणात पिढ्यान्‌पिढ्या झालेला फेरफार ‘परंपरा’ ठरून स्थिर मानला जातो. परंपरा या शब्दाने बदलाचा इतिहास पुसला जातो, असे येथे म्हणावे लागते. त्यात जातीचाही भाग आहे. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान नसून जन्मजात सवय आहे, अशी धारणा गॅझेटिअरच्या मांडणीत होती आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.

निष्कर्ष

१) कृष्णा-वारणा खोऱ्यातील गुऱ्हाळ आणि भट्टी यांत उष्णता-नियंत्रणाच्या दोन भिन्न पद्धती विकसित झाल्या. गुऱ्हाळात पदार्थाच्या स्थितीवरून विस्तव आवरला जातो. भट्टीत विस्तव आणि दाणा यांच्यामध्ये वाळूचे माध्यम घालून उष्णता सारखी केली जाते. कॉफीच्या सुधारित भाजणीयंत्रात तारेने मोजून उष्णता आवरली जाते. ही तिसरी पद्धत पहिल्या दोहोंची जागा घेत नाही. ती त्यांच्या शेजारी उभी राहते.

२) तापमानाचा आकडा हा स्थळकाळनिरपेक्ष नसतो. आष्ट्याच्या उंचीवर पुस्तकातील आकडा दुरुस्त करूनच घ्यावा लागतो. कारागिराची खूण ही दुरुस्ती नकळत करत असते.

३) तंत्रज्ञानाचा इतिहास विक्रीयोग्य यंत्रांभोवती लिहिला गेल्याने जागेवर बांधली जाणारी साधने आणि त्यांवर काम करणारी माणसे त्यातून वगळली गेली.

४) गुऱ्हाळांची संख्या कमी होत असताना आणि वाफेवर चालणारी नवी केंद्रे उभी राहत असताना, अनुभवी गुळव्यांच्या खुणांची नोंद तातडीने करणे आवश्यक आहे. गुळव्या गोळी पाहतो त्याच क्षणी तापमापकाचा आकडा, पाण्याचा स्थानिक उत्कलनबिंदू, उसाचा वाण आणि आदणाचा क्रमांक लिहून घेणे, एवढी साधी ही नोंद आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन एका हंगामात ती करता येईल. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी अजून गुऱ्हाळ आहे. त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे काम हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे त्यांना कळले तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.